उजव्या पायावर भार

मी एक जुने हाड आहे, उजव्या मांडीचे. मित्रांनो, दमलेल्याची कहाणी ऐकायला कुणाला सवड नसते. पण आज माझ्या मालकिणीला उभे राहायचे आहे आणि मला ते झेपेल की नाही, हे मलाच ठाऊक नाही.

मला कुणी साच्यातून काढले नाही. मालकीण तिच्या आईच्या पोटात होती तेव्हा मी नाकाच्या शेंड्यासारखी मऊ कूर्चा होतो. ती आत सारखे पाय झाडायची. आई वैतागायची, "काय गं बाई, जरा म्हणून स्वस्थ नाही!" पण त्या लाथांनीच माझे डोके गोल झाले आणि कमरेत त्याच्या मापाची खोबण झाली. माझ्या आत बारीक पेशी राहतात. भार पडेल तिथे त्या भर घालतात, पडणार नाही तिथले काढून नेतात. भार हाच त्यांचा मुकादम.

मालकिणीने जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. इस्त्री जड, टेबल उंच, आणि ही बगळ्यासारखी उजव्या पायावर रेललेली. त्यामुळे मी डाव्या भावापेक्षा दणकट झालो. लोक कडक घडीचे कौतुक करत. माझे नाव कोण काढतो?

मग तिला मोठे आजारपण आले. ताप उतरला, तरी लेक तिला खाटेवरून उतरू देईना. "आई, तू हलायचं नाहीस. खूप राबलीस, आता मी आहे ना!" माया खरी होती, म्हणून कुणाला काही बोलता येईना. भार थांबला आणि पेशींनी मलाच पोखरायला घेतले. कामाने मी थकत असे. आरामाने मात्र खचलो.

आज व्यायाम शिकवणारी बाई आली आहे.

"उठा, मावशी."

"पडली म्हणजे?" लेक घाबरते.

"निजून राहिल्या तर नक्की पडतील. हाडाला काम लागतं."

मालकीण इस्त्रीच्या टेबलाला धरून उठते. लेक तिला काखेत घट्ट धरून सगळे वजन स्वतःवर घेते. माझ्यापर्यंत काही पोचतच नाही.

"सोड गं मला," मालकीण म्हणते. "अशाने मी उभी राहिले की तू?"

लेक डोळे पुसते आणि हात काढते. जुन्या सवयीने मालकीण उजव्या पायावर रेलते. मी कळवळतो, पण तगतो.

मित्रांनो, माझी काळजी घ्या. पण मला कापसात ठेवू नका, रोज थोडे राबवा. लेक अजून शेजारीच आहे, हात पसरून, आईला न शिवता. एवढा आधार मला पुरे.