दलदलीतला पेरू

टेकडीच्या मातीत वहिनीला कमळाच्या, लव्हाळ्याच्या काळ्या पडलेल्या प्राचीन बिया सापडल्या होत्या. इथं एके काळी दलदल होती, हे तिला उद्या सभेत पटवून द्यायचं होतं. तिच्याच प्रयोगशाळेत काम करणारी तिची नणंद बियांची शेवटची बशी तपासताना खुदकन हसली.

"वहिनी, तुमच्या दलदलीत पेरूची बाग होती वाटतं!"

वहिनी बशीवर वाकली. कोरड्या जमिनीचं झाड इथं कसं? तिनं सवयीनं कुंचल्याचं टोक जिभेवर ओलं करून बी उचलली. पिवळीधमक, ताजी.

"वन्सं, दात काय काढताय? दुपारी पेरू तुम्हीच आणलात!"

"आणला मी. पण खाऊन लगेच कुंचला कोण चाटत बसलं?"

वहिनीनं गुपचूप दातांवरून जीभ फिरवली. आणखी दोन बिया लागल्या.