बेचाळीस वाक्यं

हे आईला सांगणार नाही असं मी बाबांना कबूल केलं होतं. पण लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली आहे.

बाबा लोकांच्या घरी जाऊन वॉशिंग मशिन दुरुस्त करतात. मशिनचं काय बिघडलंय ते त्यांना दारातूनच आवाजावरून कळतं, पण त्या दारापर्यंत पोचणं काही जमत नाही, आणि रस्ता विचारायला ते लाजतात. (हा गुण माझ्यातही उतरला आहे.) "यांना स्वयंपाकघरातून गॅलरीत जायलाही वाटाड्या लागेल," असं आई म्हणते. शेवटी साहेबांनी बजावलं, की आणखी एकदा उशीर झाला तर गाडीची किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. म्हणून आम्ही तिघं गाडीत लावायचा जीपीएस घ्यायला निघालो, आणि दुकान सापडेपर्यंत ते बंद व्हायची वेळ झाली.

आईला मोठ्या पडद्याचा हवा होता, बाबांना रबरी वाटीने काचेला घट्ट चिकटणारा. मी तिसऱ्याच एकाची माहितीपुस्तिका वाचत उभी होते, तर दुकानदाराने तोच बांधून दिला. त्यात आपल्या आवाजात सूचना भरता येत होत्या.

घरी आल्यावर पडद्यावरच्या गाडीचं चित्र निवडायचं होतं. बाबांनी शर्यतीची लाल गाडी निवडली.

"कासव घ्या," आई म्हणाली. "निदान खोटं तरी ठरणार नाही."

आवाज द्यायला मात्र तिने साफ नकार दिला. "माझं घरात ऐकत नाहीत, गाडीत काय ऐकणार!" मग मी कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून 'उजवीकडे वळा', 'डावीकडे वळा' अशी बेचाळीस वाक्यं बोलले. वर्गात माझं 'हजर' पुढच्या बाकापर्यंतही पोचत नाही, पण कपाटात आवाज स्वच्छ आला.

बाबा वेळेवर पोचू लागले. साहेबांनी त्यांना चहा पाजला. मग एका संध्याकाळी हातपाय धुताना ते म्हणाले, "त्या वळणावर 'हळू बाबा, कुत्रं झोपलंय' म्हणालीस ते बरं केलंस हं."

मी भरलेल्या सूचनांत 'बाबा' हा शब्दच नव्हता. यादी उघडून पाहिली तर त्रेचाळीस वाक्यं होती. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. एक होतं, 'या आजींचं मशिन बिघडलेलं नाही, त्यांना बोलायला माणूस हवंय; दहा मिनिटं बसा.' बाबा बसले. आजींनी साहेबांना फोन करून बाबांचं तोंडभरून कौतुक केलं. आठवड्याभरात आकडा एकशे एकोणीसवर गेला. सगळा आवाज माझाच, फक्त तो मध्येच हसायचा, आणि तसं मला हसता येत नाही.

आता बाबा रोज जीपीएस गाडीतून काढून वर घरात आणतात आणि चार्जिंगच्या निमित्ताने जेवणाच्या टेबलावर, चौथ्या खुर्चीसमोर उभा करतात. दिवस कसा गेला असं आईने विचारलं, की म्हणतात, "मघाशीच सांगितलं की सगळं," आणि कुणाला ते त्यांना आठवत नाही.

काल मी धीर करून म्हटलं, "बाबा, मी तो आवाज पुसते. कंपनीचा असतो तो ठेवू."

"नको गं," ते घाईघाईने म्हणाले. "रस्त्याचं काय, तो मी कसाही शोधेन. पण तिला नको काढूस. ती बोलते माझ्याशी." मग माझ्याकडे बघून ओशाळले. "आईला सांगू नकोस हं."

आज रविवार. बाबा अंघोळीला गेल्यावर मी यादी उघडली. 'सगळं पुसायचं?' असं पडद्यावर आलं. मी 'हो' दाबलं. शून्य वाक्यं. मग खोलीत येऊन, बाबांशी आपण होऊन काय काय बोलायचं त्याची तयारी केली. अकरा वाक्यं निघाली. ती मोठ्याने म्हणूनही पाहिली. पहिलं असं: 'बाबा, गंमत ऐका, आमच्या भूगोलाच्या सरांनी नकाशा उलटा टांगून अख्खा तास शिकवलं आणि कुणाला कळलंच नाही!'

बाबा टेबलाशी येऊन बसलेले दिसतात, कारण त्यांचं हसू ऐकू येतंय. "उलटा? अख्खा तास?" असं ते विचारतायत, आणि कुणीतरी त्यांना पुढचं सांगतंय.

आईने हाक मारली. "अगं, हसवत काय बसलीस त्यांना? आधी ताटं घे." आवाजावरून कळलं, ती माझ्या खोलीकडे तोंड करून बोलली नव्हती. मी इथून मोठ्याने 'आले' म्हणणारच होते, पण तेवढ्यात ते टेबलाकडून ऐकू आलं, माझ्याच आवाजात.