ताणावरची कोवळी पानं

दामिनीने फांदीवरचं काळं कापड सोडलं, एक पान तोडलं, बोटांत चुरगाळलं आणि हुंगलं. वास संत्र्याचा नव्हता. जांभेरीचा होता, लिंबासारखा. दुसऱ्या झाडाचं कापड सोडलं, तिसऱ्याचं सोडलं. सगळीकडे तेच.

बोरगावची ही बाग महिनाभर ताणावर होती, म्हणजे बहार फुटावा म्हणून पाणी तोडलं होतं. तहानलेल्या झाडाच्या पानात काय घडतं, हा दामिनीच्या पीएचडीचा विषय. पानाला हिरवं करणाऱ्या हरितलवकांना स्वतःचा डीएनए असतो. त्यावर मिथाइलच्या बारीक खुणा बसतात की नाही, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. दामिनीला मागच्या साली त्या सापडल्या होत्या: विहिरीजवळच्या, पाणी चालू ठेवलेल्या झाडांत जवळपास नाहीत, ताणावरच्यांत भरपूर! तेच आता पुन्हा दाखवायचं होतं. पानं तोडण्याआधी दोन दिवस अंधारात ठेवावी लागतात, म्हणून तिने नागपूरहून फोन केला आणि वडिलांनी, गुणवंताभाऊंनी, फांद्या झाकून ठेवल्या. मागच्या सालासारख्याच.

"बाबा, कोणती पानं झाकली तुम्ही?"

"तूच तं म्हणे, कोवळी पायजे. ताणावरच्या झाडाले कोवळं पान येईन कुठून, बाई? खाली पानसोट फुटले होते, तेच झाकले. मागच्या सालीबी तेच देल्ले." भाऊ खुशीत होते. "काऊन, बरोबर हाये ना?"

कुठलं बरोबर! संत्र्याचं कलम बांधतात जांभेरीच्या खुंटावर. कलमाच्या खालून फुटलेला पानसोट, म्हणजे तो कोवळा धुमारा, जांभेरीचाच. म्हणजे ही बया वर्षभर विहिरीजवळच्या संत्र्याची तुलना जांभेरीशी करत बसली आणि त्या फरकाला ताण म्हणाली. संत्रेवाल्याची पोर असून 'कलमाच्या वरची' एवढे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत!

फोन वाजला. मार्गदर्शक, रवींद्र सर. "नमुने घेतले का? या आठवड्यात ते द्यायची मुदत संपते बरं."

तिच्या मनात आलं, न्यावीत हीच पानं. निकाल तोच येईल, हुबेहूब. कोणाच्या बापाला कळणार नाही, खुद्द तिच्या बापालाही नाही.

"सर, मागचे नमुने चुकले," ती एकदाची बोलली. "ताणावरची म्हणून घेतलेली पानं संत्र्याची नव्हतीच."

सरांनी विचारलं, "आणि खऱ्या पानांत काहीच निघालं नाही तर?"

"तर नाही निघालं, सर." फोन ठेवला आणि तिला रडू कोसळलं.

भाऊंचा चेहरा उतरला होता. "माह्यानं झालं का हे?"

"नाही बाबा. म्याच नीट सांगतलं नाही. आता विहिरीजवळची अन् ताणावरची, दोन्हीकडची, कलमाच्या वरची जून पानं घ्या लागतीन. पण झाकून दोन दिवस..."

"पाणी तं आजच सोडाचं हाये. झाडं पिवळी पडून राहिली. अजून थांबलो तं फांद्या वाळतीन."

"माहीत हाये," ती म्हणाली. पुढे काही मागायची तिची हिंमत झाली नाही.

भाऊ उगाच ओळीतून फिरून आले. मग खालचं कापड ओढून त्यांनी वरच्या फांदीला बांधायला घेतलं. "या ओळीची बारा झाडं तुही. बाकीच्याले पाणी सोडतो."

"बाबा, बारा झाडांचा बहार जाईन."

"जाऊ दे." त्यांनी गाठ आवळली. "पण काही नाही निघालं, तरी मले सांगजो."