मला पाण्यात ठेवलं तेव्हा

मी टाक बोलतोय. चिमणाबाईच्या देव्हाऱ्यातला चांदीचा टाक. माझ्यावर घोड्यावर बसलेला जोतिबा उठवलाय, म्हणून सगळे मलाच देव समजतात. आता खरं सांगू? मी देव आहे की नाही, हे माझं मलाच अजून कळलेलं नाही.

त्याला कारण माझा जन्म. आधी मी वाळे होतो, चिमणाबाईच्या सयाजीच्या पायातले. त्याच्याबरोबर मी गोठ्यात रांगलो, शेणात लोळलो, उंबऱ्यावर आपटलो. काय मजा होती म्हणता! पुढं पोराचे पाय वाढले आणि मी डब्यात जाऊन पडलो.

एक्क्याण्णव साली सयाजीचा बाप पिराजी भावांपासून वेगळा झाला. वेगळी चूल म्हटल्यावर वेगळे देव आलेच. घरात दुसरी चांदी नव्हती. चिमणाबाईनं मला कोल्हापुरात गुजरीत नेलं आणि भीत भीत सोनाराला विचारलं, "पायातली चांदी देवाला चालती काय वो?"

"आगीत गेली की चांदीला पाय न्हाय आन् डोकं बी न्हाय," सोनार म्हणाला आणि त्यानं मला वितळवून माझा टाक घडवला.

मग जोतिबाच्या डोंगरावर नेऊन मूळ देवाशी माझी भेट घडवली. गुलालानं माझं नाक-तोंड भरलं. चांगभलं चांगभलं करत मला घरी आणून देव्हाऱ्यात बसवलं. सयाजीला सांगितलं, "पड पाया." पोरगं पाच वर्षांचं. मला निरखून म्हणालं, "आई, ही माझीच वाळी न्हवं?" त्याच्या पाठीत धपाटा बसला. मी मात्र गोंधळलो तो कायमचा.

कारण त्या दिवसापासून सुरू झालं मागणं. पिराजीला भातासाठी पाऊस हवा. शेजारच्या केरबाची वीटभट्टी, त्याला कडक ऊन हवं. दोघंही माझ्याच पुढं हात जोडणार! मी कुणाचं ऐकू? आणि ऐकून पुढं कुणाला सांगू? मी आपला तलवार उपसून घोड्यावर.

दोन हजार पाचचा तो पावसाळा. सयाजी मोटारसायकलवरून घसरला आणि डोक्यावर पडला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात बेशुद्ध होता. बाप त्याच्या उशाशी बसला. चिमणाबाई मात्र एका दिवसासाठी गावी आली, कशाला? तर देव पाण्यात ठेवायला! जिवावरचं संकट असलं की आमच्याकडं तशी रीतच आहे.

तिनं घंगाळ भरलं आणि मला आत बुडवलं. "ऐक," ती म्हणाली, "माझं पोर डोळं उघडंपतोर तुला भायेर काढणार न्हाय. माझा जीव जसा गुदमरतोय, तसा तुझा बी गुदमरू दे."

अहो, मी त्या पोराच्या पायात खेळलोय! मला काय त्याची काळजी नव्हती? पण हे तिला सांगणार कोण?

पावसानं त्याच दिवशी जोर धरला. पंचगंगा पात्राबाहेर आली, रस्ता पाण्याखाली गेला, फोन बंद पडले. चिमणाबाई गावात अडकली. लेक तिकडं, आई इकडं. ती घंगाळापुढनं हलेना.

तेवढ्यात केरबा भिजत आत आला आणि घंगाळ बघून ओरडलाच, "वैनी! देव पाण्यात ठेवलाय व्हय? आवं, पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात ठेवत्यात! काढा आधी भायेर, गाव बुडाय लागलंय!"

"मी पावसासाठी न्हाय ठेवला, भावजी. पोरासाठी ठेवलाय."

"ते देवाला कसं कळायचं?"

चिमणाबाईचा चेहरा पडला. बाहेर काढावं तर पोराचा नवस मोडतो, ठेवावं तर गावाचं पाप माथी. "तूच सांग की रं बाबा, काय करू?" असं ती मला पुनःपुन्हा विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी पाणी उंबरा ओलांडून घरात आलं. नाव दाराशी लागली. केरबानं हात पुढं केला, पण चिमणाबाईच्या दोन्ही हातांत भरलेलं घंगाळ. पाणी कमरेला लागलं, पाय सरकायला लागले, तरी ती घंगाळ सोडेना.

"वैनी, हात द्या! वाहून जाशीला!"

ती माझ्याकडं बघून एकदम रडायलाच लागली. "घंगाळातनं तुला ऐकू येतंय आन् पदरातनं येत न्हाय, असं कुटं असतंय व्हय रं?" तिनं मला उचललं, पदराच्या गाठीत बांधलं, घंगाळ सोडून दिलं आणि केरबाचा हात धरला.

नावेत तिनं मला अट घातली नाही की धमकी दिली नाही. गाठ मुठीत धरून एवढंच म्हणत राहिली, "पोरगं तुझं हाय देवा. संबाळ." मीही म्हणालो, संबाळ. कुणाला म्हणालो, ठाऊक नाही.

पाणी उतरलं तसा पिराजी आम्हाला शोधत शाळेत आला. सगळं गाव तिथंच आसऱ्याला होतं. "पोरानं डोळं उघडलं!" त्यानं दारातनंच सांगितलं.

केरबानं विचारलंच, "कवा वो? देव पाण्यात हुता तवा, का काढल्यावर?"

"आता घड्याळ कोण बघत बसलंय, मर्दा! डोळं उघडलं आन् पाणी मागितलं पोरानं."

चिमणाबाई हसता हसता ढसाढसा रडली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. गावात अजून वाद चालतो, कशानं काय झालं याचा. चिमणाबाई त्यात पडत नाही. मला पाण्यातही ठेवत नाही. म्हणते, "एकदा दोघं बी बुडता बुडता वाचलोय." संकट आलं की मला पदरात घेते आणि बोलते, बस्स.

सयाजी रोज सकाळी येतो. एक पाय जरासा ओढत चालतो. वाकून माझ्यावर डोकं टेकतो, तेव्हा त्याच्या कपाळावरचा टाक्यांचा व्रण मला लागतो. ज्याच्या पायात मी खेळलो, तो माझ्या पाया पडतो. आणि मला त्याच्यासाठी अजून मागायचंय हो, पुष्कळ मागायचंय. मी कुणाच्या पाया पडू, तेवढं कुणीतरी सांगा.