बाथरूमला लागून घर

आई माझ्याकडे राहायला येत नाही, याला माझं बाथरूम जबाबदार आहे असं ठरलं होतं. ठरवलं आईनेच, मला फक्त कळवण्यात आलं. ती ताईकडे राहते. तिथून फोनवर म्हणायची, "तुझ्या त्या गुळगुळीत फरशीवर पडले तर उचलणार कोण? तू ऑफिसात."

मुद्दा बिनतोड होता. मी पडलो की मला मीच उचलतो, पण तिला तेवढा सराव नाही. म्हणून टाइल्स बसवणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री बाथरूमच्या दारात उभा राहून बराच वेळ खाली बघत राहिला, कुणी गेल्याचं कळल्यासारखा.

"उतार उलटा आहे, दादा. पाणी जाळीकडे जायचं सोडून तुमच्याकडे येतं."

"माझ्याकडे येणारं तेवढंच आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टेप काढली.

पहिल्या आराखड्यात टब होता. मी फोटो पाठवला. आई म्हणाली, "त्यात चढायला मी काय माकड आहे?" टब गेला, शॉवर आला.

"शॉवरचं पाणी डोक्यावर पडतं."

"आई, शॉवर त्यासाठीच असतो."

"मला रोज केस धुवायचे नसतात."

मग हातात धरायचा शॉवर आला. मग बसायला बाक, उठायला दांडी. बाकावर बसलं की गुडघे समोर आपटतील म्हणून आराखड्यात भिंत सरकवली. भिंतीपलीकडे माझी झोपायची खोली होती. मिस्त्री रोज संध्याकाळी यायचा, कागदावर नवी रेघ मारायचा आणि माझी खोली अंग चोरून मागे व्हायची. तो चहा पिऊन गेला की मी त्याचा कप लगेच विसळत नसे. टेबलावर दोन कप बरे दिसत.

"आता पलंग मावत नाही," एक दिवस तो म्हणाला.

"उभा केला तर?"

"पलंग उभा राहील. तुम्हाला झोपता येणार नाही." त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "लोकांच्या खोलीला लागून बाथरूम असतं. तुमच्या बाथरूमला लागून घर आहे."

पलंग बैठकीच्या खोलीत हलवायचं ठरलं. रविवारी मिस्त्रीने तिथेच जमिनीवर, आईला दाखवण्यापुरतं, खडूने नवं बाथरूम आखलं, नमुन्याच्या खरखरीत टाइल्स मांडल्या आणि मी आईला व्हिडिओ कॉल लावला. मी पालथ्या बादलीवर बसून नसलेल्या दांडीला धरून उठून दाखवलं. दोनदा. आईने मिस्त्रीला मुलंबाळं विचारली, भिंतीला पोपडे कुठे धरतात ते विचारलं. मग नावं ठेवायला काही उरलंच नव्हतं.

"मग कधी येतेस?" मी विचारलं.

"छान झालंय रे." तिच्या मागे ताईची पोरं कशावरून तरी भांडत होती. "पण तू सकाळी जाणार, रात्री येणार. मी दिवसभर काय करू, बाथरूममध्ये बसून राहू? इथे ही कार्टी डोकं खातात, पण घरात आवाज असतो. तुझ्या घरात काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो. "मलाही जड जातं, आई."

हे आराखड्यात नव्हतं. मिस्त्री एक स्वच्छ टाइल पुसू लागला.

आई म्हणाली, "काम चालू असेल तेव्हा हे मिस्त्री दिवसभर असतील ना?"

"असतील."

"ठोकाठोकी होईल? माणसं येतील-जातील?"

"होईल की."

"मग तेव्हा येते."

"आई, तेव्हा बाथरूमच नसेल."

"शेजारी जाऊ आंघोळीला. तेवढीच ओळख होईल. तू कुणाला ओळखतोस का तिथे?"

मी कुणाला ओळखत नव्हतो. तिने फोन ठेवला. मी मिस्त्रीकडे वळलो.

"काम किती दिवसांचं आहे?"

"दोघं लागलो तर पंधरवडा."

"तुम्ही एकट्यानेच केलं तर?"

"महिना."

"आणि जरा वाईट केलं तर?"

मिस्त्रीने टेप गुंडाळून खिशात टाकली. त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा.

"वाईट काम माझ्याच्याने होणार नाही," तो म्हणाला. "पण काही टाइल्स उशिरा येतात."

"तशाच मागवा," मी म्हणालो.