बर्फाखाली ऐकू येतं

बर्फाखालून वरचं सगळं ऐकू येतं, हे ल्यूबाला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती आडवी पडली होती. नाकासमोर वीतभर अंतरावर बर्फाची भिंत, अंगाखाली घोंगडी, हातात वायरलेस. बाहेरून बचाव पथकातल्या राद्काने बर्फाचे तुकडे रचून तोंड बंद केलं, फावड्याने फटी बुजवल्या, आणि ल्यूबा डोळे मिटून शांततेची वाट पाहू लागली. शांतता आलीच नाही. बूट करकरत आले. कुणीतरी नाक शिंकरलं. मग एक बाई अगदी कानाशी लागून बोलावी तशी म्हणाली, "मोहरीचे हात माझ्या कोटाला पुसू नकोस हं. नवा आहे."

ल्यूबाने डोळे उघडले. ही बाई वर, पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे उभी होती.

गेल्या फेब्रुवारीत तिचे वडील, दुशान, याच डोंगराच्या मागच्या उतारावर हिमलोटाखाली सापडले होते. खोऱ्यातल्या अर्ध्या पोरांना स्कीइंग शिकवलेला माणूस. वर काढले तेव्हा दिवस मावळत होता. दफनानंतर आईने येईल त्याला एकच प्रश्न विचारला, "त्याला काही कळलं असेल का हो?" बचाव पथकाचा प्रमुख सामो, दुशानचा लहानपणापासूनचा मित्र, तिचे दोन्ही हात धरून म्हणाला होता, "नाही, मार्ता. आत कापसात गुंडाळल्यासारखं असतं. ना आवाज, ना काही. झोप लागली त्याला." कापूस या एका शब्दावर आईने वर्ष काढलं. ल्यूबानेही. ब्रातिस्लाव्हातल्या ग्रंथालयात नोकरी, त्यामुळे मृत्यूवरची पुस्तकं हाताशीच होती. तिने ती एकामागून एक वाचली. कापसाएवढा उपयोग कुठल्याच पुस्तकाचा झाला नाही.

आज पथकाचा, लोकांसाठी खुला रविवार होता. एका उतारावर पोरंटोरं घसरगाड्यांवरून किंचाळत खाली येत होती, दुसऱ्यावर पाहुण्यांसाठी शोधकुत्र्यांचं प्रात्यक्षिक. राद्काच्या हेक्सा कुत्रीला शोधायला अनोळखी माणूस लागतो. कबूल केलेल्या विद्यार्थ्याने बर्फात खणलेल्या बिळात डोकावून पाहिलं आणि त्याचा घसा एकाएकी दुखायला लागला.

"मी जाते," ल्यूबा म्हणाली.

"तू नको," सामो म्हणाला.

"का?"

"नको म्हणजे नको. जा, रम घातलेला चहा पी जा."

"सामोकाका, बाबा कशात झोपले ते मला एकदा बघायचंय."

तो तिच्याकडे न बघता "नाही" म्हणाला आणि वर नेणाऱ्या पाळण्याजवळ कुणाची तरी स्की अडकली होती तिकडे निघून गेला. राद्काने डोळा मिचकावला. "म्हातारा उगाच जपतोय तुला. चल, हेक्सा ताटकळलीय."

आणि आता ती आत होती.

"राद्का!" तिने हाक मारली.

वर राद्का कुणाला तरी हेक्साबद्दल सांगत होती, "सात वर्षांची आहे."

"राद्का! ऐकू येतंय का?" घसा फाटेस्तोवर.

"हो तर, शहाणी आहे," राद्का म्हणाली, "पण अजून चपला पळवते." लोक हसले. कुणाचं हसणं जाड, कुणाचं किनरं, सगळं वेगवेगळं ओळखू येत होतं.

वायरलेसचं बटण अंगठ्याखाली होतं. ते दाबायचं तिला सुचलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घण घालत होती. बाबा गाडले गेले त्या दिवशी ती तिथे होती. पथकाबरोबर पहिल्याच फेरीत वर गेली होती, रांगेत उभी राहून बर्फात लांब सळई खुपसत होती.

मग सामोचा आवाज. "ल्यूबा कुठाय?"

"आत."

वर बूट धावत आले. "कुणी घातली तिला आत? काढा! आधी बाहेर काढा तिला!"

"काका, हेक्सा सुटलीय आता, दोन मिनिटं..."

नखांची खरखर आली, उजेडाचं भोक पडलं आणि ओली जीभ तिच्या गालावरून फिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राद्का "शाब्बास गं बाई माझी!" म्हणत कुत्रीला कुरवाळू लागली. ल्यूबा गुडघ्यांवर बसून राहिली. सामोने हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

"तुम्ही दर हिवाळ्यात आत झोपता."

"झोपतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

सामोने टोपी काढली, पुन्हा घातली. "आवाज खाली उतरतो, वर चढत नाही. का, ते मला विचारू नकोस. तुझ्या आईला काय सांगणार होतो मी?"

"आणि बाबा किती वेळ...?"

"डॉक्टर म्हणाले, फार नाही. ते खरं आहे, पोरी. त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही."

"फार नाही म्हणजे आपण पोचलो तेव्हा?"

सामो तिच्या खांद्यावरचा बर्फ झटकू लागला, आणि तेवढ्याने तिला कळलं, बाबा तेव्हा जिवंत होते. त्या दुपारी तोंडाने काय चाललं होतं, ते तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. फक्त ती सळई आणि भिजलेला एक हातमोजा.

"मी काय बोलत होते, काका?"

"भांडत होतीस."

"कुणाशी?"

"दुशानशी. दुसऱ्या कुणाशी भांडणार?"

"बाबा तिथे खाली, आणि मी भांडत होते?"

"तोंडाला खळ नव्हता. आम्ही कुणीच तुला गप्प केलं नाही." त्याने खालचा ओठ चावला. "तो सापडला त्या जागेवरून दोनदा गेलीस."

राद्का जवळ आली. दुसऱ्या कुत्र्याची पाळी होती. आत कोण जाणार? तिच्या चेहऱ्यावरचं हसू या दोघांना बघून विरलं.

"मी," ल्यूबा म्हणाली. "पण वरून सामोकाका बोलतील. मी जे बोलले होते तेच."

"वेडी आहेस का?"

"तुम्हाला आठवतंय ना?"

"न आठवायला काय झालं!"

"मग बोला. त्यांना कसं ऐकू आलं ते मला ऐकायचंय."

भिंत पुन्हा रचली गेली. अंधार. करकरत एक जोडी बूट आले आणि थांबले. म्हातारा खाकरला. मग, पाहुण्यांच्या घोळक्यासमोर, लाजत, अडखळत सुरू झाला.

"बाबा, ते गाडलेल्याला शोधायचं यंत्र घरी खुंटीला टांगून निघालात! सिग्नल काय खुंटी देणार?" दोरीपलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. सामोचा आवाज चढला. "साठी उलटली तरी अक्कल नाही आली! लोकांच्या पोरांना शिकवता आणि स्वतः... आई सकाळपासून कोबीचं सूप गरम करतेय. किती वेळा करायचं तिने? उठा. उठा म्हणते ना. घरी चला."

शब्दन् शब्द ऐकू येत होता. आवाज म्हाताऱ्याचा होता, पण रागावणं तिचंच, घरातलं, रोजचं.

"आलो गं," ल्यूबा अंधारात बाबांच्या सुरात म्हणाली. "ओरडतेस कशाला."

वर ते कुणालाही ऐकू गेलं नाही.