शनिवारचे तपकिरी फ्राइज

लालबागच्या आमच्या रघुकाकांच्या हॉटेलात रोज साठ प्लेट फ्राइज खपतात. त्यांचे बटाटे अकरा वर्षं शेवंतीमावशी सोलतायत. सकाळचे तीन तास, रोजचे तीनशे रुपये. पाकिटातले गोठवलेले फ्राइज आणायचं ठरलं, तर त्यांचं काम संपणार होतं. पाकिटवाल्या एजंटाचा कराराचा कागद काकांच्या गल्ल्यात पडून होता आणि एक तारखेला त्यावर सही व्हायची होती.

"ओवी, तू बीएस्सीवाली. हिशोब तूच काढ," काका म्हणाले. "मला मावशींचं तोंड बघून ठरवायचं नाही."

मी आठवडाभर वजनकाटा घेऊन बसले.

"काय गो, आता सालांचापण वजन?"

"मावशी, सालींचेही पैसे मोजलेत आपण."

किलोभर बटाटे सोलून, कापून, दोनदा तळले की हातात चारशे ग्रॅम फ्राइज येत. प्लेटला बटाटा, तेल, गॅस मिळून एकोणीस रुपये. पण चारांतली एक प्लेट काळपट निघून टाकावी लागे. ते नुकसान आणि मावशींची मजुरी धरून तीस रुपये. पाकिटातली प्लेट साडेअठ्ठावीसला पडत होती.

"दोन रुपये कमी लिव गो," मावशी हळूच म्हणाल्या.

मी लिहिले नाहीत. खोट्या आकड्यावर टिकलेलं काम महिन्याभरात पुन्हा गेलं असतं. पण मला वहीही मिटवेना. टाकलेल्या प्लेटींचे आकडे मी वारांप्रमाणे लिहिले होते: सोमवारी दोन, बुधवारी चौदा, शनिवारी चौतीस, रविवारी अडतीस. कढई तीच, तेल दर दोन दिवसांनी बदललेलं, तळणारा माणूसही तोच. मग आठवड्यात बदलत काय होतं?

सोमवारी आठवडाभराच्या गोण्या येतात. आल्या की काका त्या फ्रिजमध्ये रिकाम्या करतात. मागच्या गटारातले उंदीर बटाटे कुरतडतात म्हणून त्यांनी गेल्या वर्षी खास तो जुना फ्रिज घेतला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून दाखवायचे.

"काका, थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. साखर तळली की करपते. तुमच्या फ्रिजनेच फ्राइज काळे होतायत."

"वा! बावीस हजारांचा फ्रिज गुन्हेगार!" काका भडकले. "आणि उंदरांना तू समजावणार काय?"

उत्तर बटाटे सोलत बसलेल्या मावशींकडून आलं.

"गावाक उंदरांसाठी कोण फ्रिज घेता? शिंक्यार टांगूचा."

दुपारी मावशींनी काथ्याचा सुंभ आणून चार शिंकी विणली आणि छताच्या लोखंडी तुळईला टांगली. नव्या गोण्या आल्या तसे आम्ही अर्धे बटाटे त्यांत भरले, उजेड लागू नये म्हणून वर गोणपाट टाकलं. उरलेले अर्धे फ्रिजमध्ये. काका रोज दोन्हींकडे बघून जात.

शनिवारी दोन्हीकडच्या तीस-तीस प्लेट तळल्या. फ्रिजमधल्या अकरा टाकाव्या लागल्या. शिंक्यातल्या दोन. काकांनी दोन्हींतला एकेक फ्राय उचलून उजेडात धरला, खाल्ला, मग फ्रिजमधला आणखी एक खाऊन खात्री करून घेतली.

"नवा आकडा?"

"पंचवीस रुपये. पाकिटापेक्षा साडेतीन रुपये कमी. मावशींची मजुरी त्यात धरलीय."

काकांनी गल्ला उघडला, एजंटाचा कागद काढला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर उद्याच्या बाजाराची यादी लिहू लागले. "फ्रिजमध्ये सोलकढी ठेवू," ते मान वर न करता म्हणाले.

मावशी सुरी पुसत उभ्या होत्या. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"आधी प्लेट तिसाक पडायची, आता पंचविसाक. म्हणजे पाच रुपये वाचले मा? शिंकी माझी. त्यातले माका किती?"

काका लिहायचे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

मी वहीचं नवं पान काढलं.